वाइपआउट: फँटम क्लासपर्यंत जायचं असेल तर हा क्रम धरा

दर रविवारी संध्याकाळी आमच्या सहकारनगरच्या घरी माझा भाचा आणि त्याचे तीन-चार मित्र वाइपआउट खेळायला जमतात. वाइपआउट म्हणजे तरंगत्या शिपच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम. व्हेनम, फ्लॅश, रेपियर आणि फँटम हे त्यातले चढत्या वेगाचे क्लास. प्रत्येकाचं घोडं एकाच जागी अडतं. व्हेनम क्लासमध्ये पहिला नंबर, फ्लॅशमध्ये कसाबसा तिसरा, आणि रेपियर लागला की शिप कॅरमच्या सोंगटीसारखी या भिंतीवरून त्या भिंतीवर. मग सगळे एकच तोडगा काढतात. जास्त वेगाची शिप निवडतात आणि बॅरल रोल, म्हणजे हवेत शिप स्वतःभोवती फिरवणं, शिकायला बसतात. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्यांची जागा अगदी शेवटी आहे. आधी केल्या तर भिंतीवर आपटण्याचा वेग तेवढा वाढतो.

या खेळात वेळ जाते ती भिंतीला घासण्यात. एक धडक बसली की वेग पडतो, शील्ड (शिपची धडका सोसायची ताकद) कमी होते आणि पुढच्या वळणाला शिप वाकडीच पोचते. म्हणून खालचा सगळा क्रम भिंत टाळण्यापासून सुरू होतो, वेग वाढवण्याचा भाग नंतर येतो. टप्पे गाळू नका. मधला एखादा गाळलात तर दोन टप्प्यांनंतर तो तुम्हाला गाठतोच.

हे सगळं पीएस-फोरवरच्या ‘वाइपआउट ओमेगा कलेक्शन’ (२०१७) मधल्या एचडी आणि फ्युरी या भागांसाठी आहे. त्यातल्याच ‘२०४८’ या भागात क्लासची नावं सी, बी, ए आणि ए-प्लस अशी आहेत आणि ट्रॅक रुंद आहेत, पण हातांचा क्रम तोच लागतो. बटणं मूळ सेटिंगप्रमाणे दिली आहेत: एक्स म्हणजे थ्रस्ट (शिपला पुढे ढकलणारा जोर), एल-टू डावा एअरब्रेक, आर-टू उजवा एअरब्रेक (शिपला त्या-त्या बाजूला वळवणारे), चौकोन शस्त्रासाठी, गोल हातातलं शस्त्र शोषून शील्ड भरण्यासाठी.

## पूर्वतयारी

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दोघांचा अर्धा त्रास इथेच संपला, म्हणून सविस्तर लिहिते.

टीव्ही. रिमोट घेऊन पिक्चर सेटिंगमध्ये जा आणि ‘गेम मोड’ लावा. टीव्ही चित्र गुळगुळीत आणि सुंदर करण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर काम करतो आणि त्यात वेळ घालवतो. मालिका बघताना ते कळत नाही. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून वळताय. फँटमच्या वेगाला तेवढ्यात वळणाचं तोंड निघून जातं. काही टीव्हींवर गेम मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो. कन्सोल ज्या पोर्टला आहे तिथेच लागलाय ना, ते बघून घ्या.

कंट्रोलर. सरळ रस्त्यावर डावा अंगठा स्टिकवरून पूर्ण उचला. शिप हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर स्टिक खराब झाली आहे. अशा कंट्रोलरवर सराव केलात तर हात चुकीची भरपाई शिकतात आणि ती सवय सुटायला महिने लागतात. स्टिक बदलून घ्या. ड्युअलशॉक-फोरच्या नव्या आवृत्तीचा कंट्रोलर केबलने चालवायचा असेल तर मायक्रो यूएसबी केबल तपकीर गल्लीत सहज मिळते, पण दुकानातच विचारून घ्या. बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही.

वीज. जून-जुलैत आमच्या भागात संध्याकाळी दिवे हमखास मिचकावतात. कन्सोल झटक्यात बंद पडला की पुढच्या वेळी तो स्टोरेज तपासत बसतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही त्याच्यावर घ्या.

पायलट असिस्ट बंद. ही सोय शिपला भिंतीपासून लांब ढकलते. नवशिक्यासाठी ती चांगलीच आहे. पण तुम्हाला वळणाच्या आतल्या कडेला घासून जायचं असतं, तेव्हा तीच तुम्हाला बाहेर ओढते. मग ती ओढ मोडायला तुम्ही स्टिक जास्त दाबता आणि हाताचा अंदाज बिघडतो. आज बंद करा आणि पुन्हा लावू नका.

> सावध: असिस्ट बंद केल्यावर पहिले दोन दिवस तुमची वेळ आधीपेक्षा वाईट येईल. माझ्या भाच्याने याच कारणाने दोनदा ती परत चालू केली होती. धीर धरा.

कॅमेरा. एकच कोन निवडा आणि तो बदलू नका. शिकताना बाहेरचा कोन बरा, कारण शिपचं नाक कुठे आहे आणि शिप प्रत्यक्षात कुठे जाते आहे, यातला फरक त्यातून दिसतो. तो फरकच शिकायचा आहे.

शिप आणि ट्रॅक. शिप फायझार घ्या. तिचा वेग कमी आहे, पण हाताळायला ती सर्वांत सोपी. शेवटच्या टप्प्यापर्यंत तीच. ट्रॅक विनेटा के, तोच समुद्राच्या पाण्याखालून काचेच्या बोगद्यातून जाणारा. प्रकार ‘स्पीड लॅप’, म्हणजे समोर कोणी नाही, पाठीवर क्षेपणास्त्र नाही. दर लॅपला एक टर्बो, म्हणजे वेगाचा झटका, मिळेल, तो सध्या वापरायचा नाही.

बसणं. दोन्ही तर्जन्या एल-टू आणि आर-टूवर कायम टेकलेल्या हव्यात. गरज पडली की बोट वर नेऊ, असं म्हणणाऱ्याचं बोट नेहमी उशिरा पोचतं.

## टप्पा १: एअरब्रेकला हात न लावता

क्लास व्हेनम. एक्स दाबून धरा आणि दहा लॅप फक्त स्टिकवर काढा. कोणती वळणं नुसत्या स्टिकवर निघतात आणि कुठे शिप बाहेर जाते, ते मनात नोंदवा. पुढे ज्यांना एअरब्रेक लागणार, ती वळणं हीच.

इथे दोन गोष्टी बसवायच्या आहेत.

पहिली, नजर. बहुतेक मुलं शिपच्या शेपटीकडे बघतात. दिवे घाटात गाडी चालवणारा माणूस बॉनेटकडे बघत नाही, पुढच्या वळणाची आतली कड शोधतो. इथेही तेच. एका वळणात शिरलात की डोळ्यांनी ते वळण सोडून द्या आणि पुढचं पकडा.

दुसरी गोष्ट म्हणजे शिपचं घसरणं. या शिपला चाकं नाहीत, ती ट्रॅकवर तरंगते. त्यामुळे नाक वळलं तरी अंग काही क्षण जुन्याच दिशेने जात राहतं. गाडीच्या सवयीने वळलात तर दरवेळी उशीर होणार. वळण बाहेरच्या बाजूने धरा, स्टिक तुम्हाला वाटतं त्याच्या जरा आधी द्या, आतल्या कडेजवळून जा आणि शिपला बाहेर तरंगू द्या.

> तपासणी: भिंतीला एकदाही न लागता सलग तीन लॅप. वेळ किती आली ते बघू नका. हे जमत नसेल तर टप्पा २ सुरू करू नका.

## टप्पा २: एअरब्रेक

सगळा लेख ज्यासाठी लिहिला तो हा टप्पा.

भाच्याचा एक मित्र धनकवडीहून रोज स्कूटरने कॉलेजला जातो. तो खेळत असताना एकदा मी स्क्रीन सोडून त्याच्या बोटांकडे बघत बसले. वळण आलं की त्याची दोन्ही तर्जनी एकदम आवळली जायची, आधी थोडी, मग गच्च. स्कूटरच्या हँडलवर दोन्ही बाजूंना ब्रेकचे लिव्हर असतात आणि पुण्याच्या गर्दीत ते रोज शंभर वेळा एकत्र दाबले जातात. त्याच बोटांखाली आता एल-टू आणि आर-टू होते. बोटं आपलं रोजचं काम करत होती आणि प्रत्येक वळणाला शिप जागच्या जागी मरत होती.

एअरब्रेक हे नाव फसवं आहे. डावा एअरब्रेक उघडला की शिपच्या डाव्या बाजूला हवेचा रोध वाढतो आणि नाक डावीकडे फिरतं. थोडा वेग जातो, पण मुख्य काम वळवण्याचं. दोन्ही एकदम उघडले तरच तो खरा ब्रेक होतो. म्हणून मनात त्याला ब्रेक म्हणू नका, सुकाणू म्हणा.

क्रम असा:

1. वळणाच्या आधी शिप बाहेरच्या बाजूला आणा.
2. स्टिक वळणाच्या दिशेने द्या.
3. लगेच त्याच बाजूचा एअरब्रेक पूर्ण दाबा. वळण डोळ्यांना अजून सुरू झालेलं नसतं, तेव्हाच.
4. नाक बाहेर पडण्याच्या दिशेकडे आलं की एअरब्रेक सोडा. स्टिक अजून तशीच.
5. शिप आतल्या कडेजवळून गेली की स्टिक सैल करा.
6. या सगळ्या काळात एक्स दाबलेलाच असतो.

सर्वांत जास्त चुकते ती चौथी पायरी. लोक एअरब्रेक वळण संपेपर्यंत धरून ठेवतात. घाटात उतरताना गिअर वळणाच्या आधी पाडतात, वळणात नव्हे. तसंच इथे एअरब्रेकचं काम वळणाच्या पहिल्या अर्ध्यातच उरकलं पाहिजे.

आपण कुठे चुकतोय हे शोधायला कोणत्या भिंतीला आणि कधी लागलात तेवढं बघा. वळणात शिरताना बाहेरची भिंत लागली, तर एअरब्रेक उशिरा दाबलात. वळणाच्या मध्यावर आतली भिंत लागली, तर फार लवकर वळलात, बाहेरून सुरुवात केलीच नाहीत. बाहेर पडताना आतली भिंत लागली, तर एअरब्रेक सोडायला उशीर झाला आणि नाक गरजेपेक्षा जास्त फिरलं. बाहेर पडताना बाहेरची भिंत लागली, तर एअरब्रेक फार लवकर सोडलात किंवा नजर अजून त्याच वळणात अडकली होती. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा तिसरा प्रकार असतो.

सराव करताना तोंडाने म्हणा: ‘दाब’, ‘सोड’. मोठ्याने म्हणा. आमच्याकडे आधी सगळे लाजले, पण ‘सोड’ हा शब्द तोंडातून उशिरा येतोय हे ऐकू आल्यावर ज्याची चूक त्याला आपोआप कळली.

> सावध: वळण फारच तीव्र असेल तर दोन्ही एअरब्रेक दाबण्यापेक्षा क्षणभर एक्स सोडा, एका बाजूचा एअरब्रेक द्या आणि नाक फिरताच एक्स परत दाबा. हे फक्त केसाच्या पिनेसारख्या वळणांसाठी. प्रत्येक वळणाला एक्स सोडायची सवय लागली तर फ्लॅशच्या पुढे जाता येणार नाही.

> तपासणी: फ्लॅश क्लासमध्ये, विनेटा केवर, सलग तीन लॅप भिंतीविना.

## टप्पा ३: जोडवळणं

डावं वळण संपायच्या आत उजवं सुरू होतं, अशा जागी दोन चुका होतात.

एक बोटांची. डावं बोट पूर्ण उचलायच्या आधी उजवं दाबलं जातं, क्षणभर दोन्ही एअरब्रेक उघडे राहतात आणि वेग कोसळतो. मध्ये अगदी बारीक फट हवी, ज्यात दोन्ही बोटं सुटलेली आहेत. ‘दाब, सोड… दाब, सोड.’ मधले ते तीन टिंब महत्त्वाचे.

दुसरी चूक रेषेची. पहिलं वळण सुंदर काढायच्या मोहात शिप त्यातून बाहेरच्या बाजूला निघते, आणि ती बाजू म्हणजे नेमकी दुसऱ्या वळणाची आतली बाजू. दुसऱ्या वळणाला जागाच उरत नाही. पहिलं वळण जरा आवळून, आतल्या बाजूलाच धरून काढा. तिथे थोडं नुकसान होईल. दुसऱ्या वळणानंतर बहुधा सरळ रस्ता असतो आणि तिथे ते भरून निघतं. खंबाटकीच्या घाटातलं इंग्रजी एस आकाराचं वळण ज्यांनी गाडीने काढलंय त्यांना हे सांगावं लागत नाही.

## टप्पा ४: साइडशिफ्ट

एका बाजूचा एअरब्रेक चटकन दोनदा दाबला की शिप नाक न फिरवता त्या बाजूला सरकते. वेग जवळजवळ शाबूत राहतो.

याचे खरे उपयोग दोन. निळं स्पीड पॅड (ट्रॅकवरची, वरून गेलं की वेग देणारी खूण) रेषेपासून हातभर लांब असेल तर स्टिकने वाकडं होऊन ते पकडण्यापेक्षा सरकून पकडा. आणि वळणातून निघताना बाहेरची भिंत जवळ येतेय असं दिसलं, तर आतल्या बाजूला एक सरकी द्या.

पण या टप्प्यात एक नवीनच आजार सुरू होतो. वळणात एअरब्रेक टुकटुक करत दोन-तीनदा दाबणाऱ्यांची शिप अचानक आतल्या भिंतीवर उडी मारते आणि त्यांना कारण कळत नाही. खेळाने ते दोन ठोके साइडशिफ्ट म्हणून घेतलेले असतात. म्हणूनच टप्पा २ मध्ये ‘एकदाच पूर्ण दाबा, एकदाच सोडा’ अशी सवय लावली. ज्यांना ठोके देत वळायची सवय आहे त्यांनी मागे जाऊन टप्पा २ परत करावा.

> तपासणी: सरळ रस्त्यावर डावीकडे एक, उजवीकडे एक साइडशिफ्ट. नाक जराही फिरलं नाही पाहिजे. फिरलं तर अंगठा स्टिक ओढतोय.

## टप्पा ५: नाक वर, नाक खाली

स्टिक मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली. बहुतेकांना हे माहीत असतं आणि बहुतेक जण वापरत नाहीत.

चढ संपून उतार लागतो तिथे शिप हवेत उडते. हवेत वळता येत नाही. म्हणून उतारानंतर लगेच वळण असेल तर चढाच्या टोकावरच नाक खाली करा, शिप लवकर ट्रॅकवर येईल. जमिनीला टेकायच्या किंचित आधी नाक उचला, नाहीतर पोट ट्रॅकवर आपटून वेग जातो. खाली आणि मग वर, या दोन्ही हालचाली एका श्वासात होतात. सराव सेबेन्को क्लाइंबवर करा. डोंगरातला ट्रॅक आहे, मोठी उडी आहे, चूक लगेच दिसते.

आता नकळत होणारी चूक. वळताना अंगठा सरळ बाजूला जात नाही, तिरका पुढे जातो. म्हणजे प्रत्येक वळणात तुम्ही थोडं नाकही खाली दाबत असता आणि शिप ट्रॅकला घासत राहते. भाच्याला हे दाखवायला मी त्याचा अंगठा धरून स्टिक खाचेच्या कडेकडेने हलवून दाखवली. त्याचं ‘उजवीकडे’ घड्याळात दीड वाजतात तिथे होतं. तीनवर यायला त्याला आठवडा लागला, पण त्या एका आठवड्यात त्याची विनेटा केवरची वेळ बाकी कशानेही सुधारली नव्हती तेवढी सुधारली.

## टप्पा ६: बॅरल रोल

आता तो. शिप हवेत असताना स्टिक झटपट डावी-उजवी-डावी, किंवा उलट. शिप स्वतःभोवती फिरते आणि टेकल्यावर वेगाचा झटका मिळतो. त्याची किंमत शील्डमधून वसूल होते.

आधी शिकू नका म्हटलं ते याच किमतीमुळे. लॅपमध्ये चारदा भिंतीला लागणाऱ्याची शील्ड आधीच अर्धी झालेली असते. त्यात रोल मारला की पुढची धडक शेवटची ठरते. भिंतीविना लॅप काढणाऱ्याकडे शील्ड शिल्लक असते आणि ती त्याला वेगासाठी खर्चता येते.

1. उडीची जागा आधी ठरवा. शिप हवेत पुरेसा वेळ राहायला हवी. शंका असेल तर ती जागा सोडा.
2. उडण्यापूर्वी शिप सरळ करा. वळणातून तिरकी उडालेली शिप तिरकीच टेकते.
3. ट्रॅक सुटला की लगेच स्टिकचे तीन झटके. हवेच्या मध्यावर पोचून सुरू केलंत तर उशीर झाला.
4. तिसऱ्या झटक्यानंतर स्टिक मध्यावर सोडा. बरेच जण तिसरा झटका तसाच धरून ठेवतात आणि टेकताक्षणी, वेगाच्या झटक्यासकट, बाजूच्या भिंतीत जातात.
5. टेकताना नाक किंचित वर.

> सावध: चुंबकी पट्टीच्या भागात शिप ट्रॅकला चिकटलेली असते, तिथे ती उडत नाही आणि रोलही होत नाही. आणि उडीनंतर लगेच तीव्र वळण असेल तर रोल टाळा. मिळालेला वेग तुम्ही त्याच वळणात गमावाल.

## टप्पा ७: शर्यत

आत्तापर्यंत ट्रॅकवर तुम्ही एकटेच होता. आता सात जण आणखी आले, म्हणजे गोंधळ वाढला, पण हातांचं काम तेच. इथे थोडक्यात सांगते.

सुरुवातीला उलटी मोजणी चालू असताना एक्स आधीपासून दाबून बसू नका. आकडे संपून ‘गो’ येतं त्या क्षणाच्या आसपास एक अरुंद फट आहे. त्यात एक्स दाबलात तर सुरुवातीलाच झटका मिळतो. ती फट वाचून सापडत नाही. शर्यत दहा वेळा परत सुरू करून नुसती सुरुवातच करा, बोटाला सापडते.

टर्बो हाती आला की लगेच उडवण्याचा मोह आवरा. तो वळणातून बाहेर पडताना, नाक सरळ झाल्यावर, पुढे लांब रस्ता असताना वापरा. वळणाआधी वापरलेला टर्बो भिंतीत जातो.

शस्त्र हाती असेल आणि शील्ड अर्ध्यावर आली असेल तर गोल दाबून ते शोषून घ्या, शील्ड भरते. मुलांना हे पटत नाही, त्यांना क्षेपणास्त्र सोडायचंच असतं. पण शेवटच्या लॅपला बॅरल रोलसाठी लागणारी शील्ड इथूनच येते. शस्त्रांच्या पॅडसाठी रेषा सोडून वाकडं जाऊ नका. साइडशिफ्टने मिळालं तर घ्या.

## टप्पा ८: झोन

‘झोन’ प्रकारात शिप स्वतःच वेग घेते आणि तो वाढतच जातो. थ्रस्ट तुमच्या हातात नाही, शस्त्रं नाहीत. शील्ड संपेपर्यंत टिकून राहायचं, बस.

दर बैठकीच्या शेवटी एक झोन खेळा, एकच. यात व्हेनमपासून फँटमच्या पुढचा वेग एकाच बैठकीत डोळ्यांखालून जातो, आणि एक्स सोडून वाचण्याची पळवाट नसते. तुमचा एअरब्रेक खरोखर वेळेवर दाबला जातोय की नाही, हे इथे उघडं पडतं. झोननंतर रेपियर संथ वाटतो. तो परिणाम थोडाच वेळ टिकतो, पण त्या थोड्या वेळात रेपियरचे दोन-तीन लॅप काढून घ्या. घाबरलेला हात तेवढ्यात बरंच शिकतो.

डोळे चुरचुरायला लागले की थांबा. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका दोन तासांच्या एका बैठकीपेक्षा चांगल्या, कारण थकलेली बोटं एअरब्रेक धरून बसतात आणि तीच सवय पक्की होते.

## टप्पा ९: क्लास चढवणं आणि शिप बदलणं

नियम एकच ठेवा: भिंतीविना सलग तीन लॅप झाले तरच वरचा क्लास. ट्रॅक नवा असेल तर एक क्लास खाली उतरून सुरुवात. विनेटा केवर रेपियर जमतोय म्हणून मोआ थर्मावर थेट रेपियर घेऊ नका, फ्लॅशवर तो पाठ करा. सोल २ सगळ्यांच्या शेवटी.

अडकलात तर दोन गोष्टी तपासा. पीएस-फोरचं शेअर बटण मागच्या १५ मिनिटांचा खेळ जपून ठेवतं. तो व्हिडिओ लावा आणि फक्त धडका मोजा, कोणत्या वळणाला कोणती भिंत ते कागदावर लिहा. चारपैकी तीन धडका एकाच वळणाला निघतात, असं मी वारंवार बघितलंय. मग पूर्ण लॅपचा सराव करण्यात अर्थ नाही, त्या वळणापुरतं डोकं लावा. दुसरं, मोबाइल कुणाला तरी धरायला सांगा आणि स्क्रीनऐवजी तुमच्या दोन तर्जन्या आणि डावा अंगठा चित्रित करा. स्कूटरवाल्या मुलाला मी तोंडाने महिनाभर सांगत होते. बोटांचा व्हिडिओ बघितल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘‘मावशी, मी दोन्ही दाबतोय की!’’

फँटमवर दोन-तीन ट्रॅक भिंतीविना निघायला लागले की फायझार सोडायला हरकत नाही. धडका अजून होत असतील पण वेग हवा असेल, तर शील्ड जास्त असलेली ट्रायाकिससारखी जड शिप मधला मुक्काम म्हणून ठीक. इकारस वेगात पुढे आहे, पण हाताळायला अवघड आणि चूक सोसत नाही. नवी शिप घेतलीत की पहिली संध्याकाळ व्हेनमला परत जा, विनेटा के लावा आणि टप्पा २ पुन्हा करा. ती फायझारपेक्षा उशिरा वळते, म्हणून ‘दाब’ म्हणायची वेळ अलीकडे येईल आणि ‘सोड’ची किती पुढे जाते ते त्या संध्याकाळीच शोधून ठेवा.